सफेची रेषा : किब्ला निश्चिती आणि आखणीच्या प्रकल्प नोंदी

१२ मे : काम नेमकं काय

आयताकृती हॉल, आतून १८ मी. × १२ मी. आधी वेगळ्या वापरात होता, आता नमाजसाठी वापरायचा आहे. इमारत बांधताना किब्ल्याचा (नमाजमध्ये तोंड करायच्या दिशेचा) विचार झालेला नाही. दोन कामं आहेत : मक्केतल्या काब्याकडची दिशा काढणं आणि ती फरशीवर उतरवून सफा (नमाजच्या रांगा) आखणं.

ठरवलेली अचूकता १ अंश. यापेक्षा बारीक आकडा कागदावर मिळेल, पण जाजमाखाली टिकणार नाही. १ अंश म्हणजे १० मीटरला १७.५ सें.मी. हा फरक सुताने सहज सापडतो.

अनुभव असा की सूत्रात चूक क्वचितच होते. ती होते रेषा कागदावरून जमिनीवर येताना. म्हणून हिशोब एकदा आणि जमिनीवरची मापं तीनदा, असं वेळेचं वाटप ठेवलं आहे.

१३ मे : नियमाची बाजू आधी

मोजमापाला हात लावण्याआधी हे लिहून ठेवणं भाग आहे, नाहीतर पुढे एखाद्या अंशावरून वाद होतो आणि काम अडतं.

प्रेषित मुहम्मद मदिनेत गेल्यावर सुरुवातीचे १६ किंवा १७ महिने नमाजची दिशा बैतुल मुकद्दस, म्हणजे जेरुसलेम होती. हिजरी सन २ मध्ये (इ.स. ६२४) ती काब्याकडे वळली. कुराणातल्या सूरह बकरा या अध्यायाच्या १४२ ते १५० या आयती (वचनं) याच बदलाविषयी आहेत. १४४ व्या आयतीत चेहरा मस्जिद-ए-हरामच्या (काब्याभोवतीच्या मशिदीच्या) बाजूला वळवण्याची आज्ञा आहे आणि तिथला मूळ शब्द आहे ‘शत्र’, म्हणजे बाजू, दिशा. पुढचे सगळे मतभेद या एका शब्दाभोवती फिरतात.

सुन्नी धर्मविधीच्या चार परंपरा आहेत. शाफई मत : नेम ‘ऐन’वर, म्हणजे खुद्द काब्यावर हवा. हनफी, मालिकी, हंबली मत : काबा डोळ्यांसमोर असेल तर ऐन, दूर असेल तर ‘जिहत’, म्हणजे त्या बाजूची दिशा पुरते. मदिनेच्या संदर्भातली हदीस (प्रेषितांचं वचन) सांगते की पूर्व आणि पश्चिमेच्या मधे किब्ला आहे. तिथून मक्का जवळजवळ थेट दक्षिणेला येते (हिशोबाने १७६°). हनफी व्यवहारात खऱ्या दिशेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांपर्यंतची ढळ नमाज बाद करत नाही.

मग १ अंशाचा अट्टहास कशाला? चुकून झालेल्या ढळीला सूट आहे. दिशा कळत असताना मुद्दाम वाकडं आखायला ती सूट नाही. एकट्याने कुठेतरी नमाज पढणारा अंदाजाने उभा राहतो तेव्हा ती सवलत त्याची. फरशीवर रेषा कायमची आखणाऱ्याने ती स्वतःसाठी वापरू नये.

उलट बाजूही नोंदवून ठेवतो. या हॉलची रेषा बारकाईने काढली म्हणून जुन्या मशिदींत पढलेल्या नमाजा चुकीच्या ठरत नाहीत. कॉर्दोबाच्या मोठ्या मशिदीची भिंत दक्षिण-आग्नेयेकडे आहे, हिशोबाने तिथला किब्ला १००°, म्हणजे जवळजवळ पूर्व. शतकानुशतकं तिथे नमाज झाली. त्या काळी दिशा ठरत होती ताऱ्यांच्या उदयास्तावरून, हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या सूर्योदयावरून, आधीच्या पिढ्यांनी दाखवलेल्या बाजूवरून.

आणखी एक, कारण हा प्रश्न बाहेरचे लोक हमखास विचारतात : ही दगडी वास्तूची पूजा आहे का? त्याच सूरहच्या ११५ व्या आयतीत पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाहची आहेत, जिकडे वळाल तिकडे तोच आहे, असा आशय आहे. १७७ वी आयत तर नेकी म्हणजे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करणं नव्हे, असं बजावते आणि मग श्रद्धा, दानधर्म, वचनपालन यांची यादी देते. काबा हे सगळ्यांनी एका बाजूला वळण्याचं ठिकाण आहे, सजद्याचा (कपाळ टेकून केलेल्या वंदनाचा) धनी नव्हे. खुद्द काब्याच्या आत पढणारा कोणत्याही भिंतीकडे तोंड करू शकतो. जगभरच्या मुस्लिमांना मिळून ‘अहल-ए-किब्ला’ म्हणतात. पंथ वेगळे असले तरी ही बाजू सगळ्यांची एक.

१५ मे : सूत्र

काबा : उत्तर अक्षांश २१.४२२५°, पूर्व रेखांश ३९.८२६२°.

र = काब्याचा रेखांश वजा आपला रेखांश. पूर्व धन, पश्चिम ऋण.

टॅन(किब्ला) = साइन(र) ÷ [ कॉस(आपला अक्षांश) × टॅन(२१.४२२५°) − साइन(आपला अक्षांश) × कॉस(र) ]

उत्तर मिळतं ते भौगोलिक उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेल्या अंशांत. पृथ्वी गोल धरली आहे. ध्रुवांकडचा चपटेपणा धरला तर फरक अंशाच्या अपूर्णांकात राहतो, आपल्या मर्यादेच्या आत.

हे गणित नवं नाही. खगोलज्ञ अल-बिरूनीने १०२५ च्या सुमारास गझनीच्या किब्ल्यासाठी अक्षांश-रेखांश ठरवण्याचा अख्खा ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात दमास्कसच्या अल-खलीलीने १० ते ५६ अंश अक्षांश आणि १ ते ६० अंश रेखांश-फरक यांसाठी तयार कोष्टकं मांडली. मशिदीतल्या वेळ-निरीक्षकाने दोन आकडे बघायचे आणि उत्तर उचलायचं.

१६ मे : सूत्राची तपासणी, आणि दोन खड्डे

चार ठिकाणांवर चालवून पाहिलं :

न्यू यॉर्क ५८.५°
लंडन ११९.०°
केप टाउन २३.४°
जकार्ता २९५.२°

पहिला खड्डा, चरण (कोन वर्तुळाच्या कोणत्या चतुर्थांशात आहे ते). लंडनसाठी वरची संख्या ०.६४२, खालची −०.३५६. भागाकार −१.८०५. साध्या कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन दाबला की −६१.०° येतं. त्यात ३६० मिळवलं तर २९९.०°, म्हणजे बरोबर पाठीमागची दिशा! खालची संख्या ऋण असेल तर १८० मिळवायचे, ३६० नाही. तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) दोन संख्या वेगवेगळ्या घेणारं उलट्या टॅनचं फंक्शन वापरलं की ही भानगड मिटते, मात्र त्यात कोणती संख्या आधी द्यायची याचा क्रम प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखा नसतो. एका ओळखीच्या शहराने तपासून मगच पुढे जायचं.

दुसरा खड्डा, रेखांशाचं चिन्ह. न्यू यॉर्कचा रेखांश −७४.००६ ऐवजी +७४.००६ घातला तर ५८.५° च्या जागी २४६.७° येतं, ईशान्येऐवजी नैर्ऋत्य. लंडन या तपासणीला निरुपयोगी, कारण त्याचा रेखांशच जवळजवळ शून्य आहे, चिन्ह चुकलं तरी उत्तर फारसं हलत नाही. म्हणून तपासणीचं शहर मुद्दाम दूर पश्चिमेचं घ्यावं.

१७ मे : ‘नकाशावर तर आग्नेयेला दिसतं’

न्यू यॉर्कचा आकडा पाहून पहिली प्रतिक्रिया हीच येते. मक्का न्यू यॉर्कच्या दक्षिणेकडच्या अक्षांशावर, मग किब्ला ईशान्येला कसा?

भिंतीवरच्या सपाट (मर्केटर पद्धतीच्या) नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून चालण्याची रेषा असते. न्यू यॉर्कहून ती १०१.३° येते. पण ती सर्वांत जवळची वाट नाही. गोलावरची जवळची वाट महावर्तुळाची. पृथ्वीगोलावर दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप उत्तरेकडे सरकतो. दोन्हींत ४३ अंशांचा फरक आहे. उत्तर अमेरिकेत यावर बरीच चर्चा झाली, बहुतेकांनी महावर्तुळ स्वीकारलं. ‘समोर तोंड करणं’ या शब्दांचा सरळ अर्थही तोच : मधली पृथ्वी बाजूला केली तर नजर जिथे जाईल ती बाजू.

मक्केजवळच्या भागांत या दोन रेषांत फारसा फरक पडत नाही.

१८ मे : होकायंत्र बाद

अपेक्षेप्रमाणे. हॉलच्या मध्यरेषेवर दर २ मीटरला फोनचं होकायंत्र आणि द्रवभरलं साधं होकायंत्र, दोन्ही जमिनीपासून एक मीटर उंचीवर धरून वाचली. एकाच दिशेची वाचनं हॉलच्या दोन टोकांत २० अंशांहून जास्त फिरली. फरशीखाली सळया, खांबात सळया, छताला लोखंडी कैच्या. फोन ‘आठ’च्या आकारात फिरवून कॅलिब्रेट केला तरी तेच, कारण बिघाड फोनमध्ये नाही, इमारतीत आहे. चुंबकी झाकण असलेलं फोनचं कव्हर ही आणखी एक नेहमीची गोष्ट.

मोकळ्या मैदानात गेलं तरी चुंबकीय उत्तर म्हणजे भौगोलिक उत्तर नव्हे. केप टाउनला काटा खऱ्या उत्तरेच्या सुमारे २५ अंश पश्चिमेला झुकतो. तिथे किब्ला २३.४°. म्हणजे दुरुस्ती न करता काट्याप्रमाणे २३ अंश धरले तर माणूस चक्क भौगोलिक उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. शिवाय हा झुकाव दरवर्षी थोडा सरकतो, त्यामुळे जुन्या छापील तक्त्यावरचा आकडा चालत नाही.

होकायंत्राचा उपयोग एकच : १८० अंशांची ढोबळ चूक झाली नाही ना, हे पाहायला.

२० मे : सूर्याच्या दिगंशाने पहिली फेरी

हॉलच्या लांब भिंतीला लागून बाहेर मोकळं फरसबंद अंगण आहे. तिथे ओळंबा टांगून ठरावीक वेळी त्याच्या दोराची सावली जमिनीवर खुणावली आणि त्या क्षणाचा सूर्याचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेली दिशा, अंशांत) पंचांग-गणितातून घेतला. सकाळी तीन वाचनं, एक तासाच्या अंतराने. भर दुपारच्या आसपास मुद्दाम टाळलं, तेव्हा सूर्य उंच असतो आणि दिगंश मिनिटागणिक झपाट्याने बदलतो.

निष्कर्ष : लांब भिंत आणि सूत्राने आलेला किब्ला यांतला कोन १३.८°. किब्ला भिंतीच्या उजवीकडे.

२४ मे : २८ मेची तयारी

वर्षातून दोनदा सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर येतो : २७-२८ मे, मक्केच्या घड्याळाने दुपारी १२:१८ (जागतिक वेळ ०९:१८), आणि १५-१६ जुलै, १२:२७ (जागतिक ०९:२७). त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो तिथून सूर्याकडे तोंड म्हणजे काब्याकडे तोंड. ना अक्षांश लागतो, ना रेखांश, ना होकायंत्र. आधीच्या सगळ्या हिशोबाला स्वतंत्र साक्षीदार मिळतो, म्हणूनच ही तारीख प्रकल्पाच्या मधोमध ठेवली आहे.

मर्यादा अशी : काब्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या केंद्राशी ९० अंशांपेक्षा (सुमारे १०,००० किमी) कमी हवं. लंडन ४३.१°, जकार्ता ७१.२°, दोन्हीकडे सूर्य दिसतो. न्यू यॉर्क ९२.७°, तिथे सूर्य क्षितिजाखाली. अशा ठिकाणांसाठी उलट तारखा आहेत : २८ नोव्हेंबर (जागतिक २१:०९) आणि १३ जानेवारी (२१:२९), जेव्हा सूर्य काब्याच्या पायाखालच्या, पृथ्वीच्या पलीकडच्या बिंदूवर असतो. तेव्हा सूर्याकडे पाठ करायची, सावली जिकडे पडते तिकडे किब्ला. मात्र न्यू यॉर्कला त्या वेळी सूर्य जेमतेम २.७ अंश वर असतो, समोर एखादी इमारत आली की संपलं.

सावलीच्या लांबीवरून आणखी एक पडताळा मिळतो. त्या क्षणी सूर्याची उंची = ९० वजा काब्यापर्यंतचं कोनीय अंतर. १ मीटर काठीची सावली लंडनला ९३.६ सें.मी., जकार्त्याला २.९४ मी. लांबी भलतीच आली तर समजावं, वेळ चुकली आहे.

साहित्य : १५ मि.मी. जाडीचा दोर, ३ मीटर उंचीवर टांगायला. ४ किलो वजन, पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे वाऱ्याने झुलत नाही. खडू, पोलादी टेप, सूत, गुण्या.

दोर जाड का? सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. त्यामुळे सावलीची कड फिकट होत जाते, वस्तूपासूनच्या अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतकी. १ मि.मी. दोऱ्याची गडद सावली ११ सें.मी. अंतरातच विरते. १५ मि.मी. दोराची दीड मीटरच्या पुढेही टिकते, आणि त्यापलीकडे फिकट पट्टा दिसतो ज्याच्या दोन्ही कडा खुणावून मध्य काढता येतो.

२७ मे : सराव

ढग. ०९:१८ च्या चार मिनिटं आधी सूर्य झाकला गेला, नंतर दहा मिनिटांनी उघडला. वाचन टाकून दिलं.

काही मिनिटांचा उशीर किती महागात पडतो, हे ठिकाणावर अवलंबून आहे. मक्केच्या माथ्यावरून सूर्याचा बिंदू पश्चिमेकडे सरकतो. जे ठिकाण मक्केच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे तिथे हा बिंदू नजरेच्या रेषेवरूनच सरकतो, दिशा फारशी बिघडत नाही. जे उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तिथे तो आडवा सरकतो. ४३ अंश अंतरावर ५ मिनिटांत जास्तीत जास्त १.७ अंश. मक्केपासून फक्त १० अंशांवर असाल तर तीच ५ मिनिटं पावणेसात अंश चुकवतात. म्हणजे जितकं जवळ तितकं घड्याळ नेमकं हवं.

दिवस एक मागेपुढे झाला तर चालतं. या दिवसांत सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) दिवसाला सुमारे ०.१७ अंशच बदलते.

२८ मे : निरीक्षण

आकाश स्वच्छ. घड्याळ नेटवर्कच्या वेळेशी जुळवलेलं. ०९:१७, ०९:१८, ०९:१९ अशा तीन खुणा. मोजायला मधली, बाजूच्या दोन फक्त खुणावताना हात घसरला नाही हे पाहायला. प्रत्येक वेळी दोराच्या बुडाशी एक आणि २ मीटरवर एक, कडांचा मध्य धरून. २ मीटरवर फिकट पट्ट्याच्या कडा साधारण अडीच सें.मी. पसरलेल्या होत्या. मध्य काढताना ±३ मि.मी.

बाण आखताना थांबून दोनदा पाहिलं. सावली दोरापासून दूर जाते ती काब्याच्या उलट दिशेला. किब्ला म्हणजे सावलीच्या टोकाकडून दोराच्या बुडाकडे. घाईत सावलीच्या दिशेने बाण काढला की पूर्ण १८० अंश! इथे ढोबळ होकायंत्र कामी आलं.

२९ मे : कोन

भिंतीचा बाहेरचा गिलावा सरळ नाही, मधे दीड सें.मी. पोट आहे. म्हणून भिंतीच्या दोन टोकांपासून ३० सें.मी. अंतरावर खिळे मारून १८ मीटर सूत ताणलं आणि सावलीच्या दोन खुणांचं अंतर या सुतापासून काटकोनात मोजलं. फरक ०.४८७ मी. २ मीटर लांबीवर म्हणजे १४.१°.

२० मेची फेरी १३.८°, आजची १४.१°. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे ०.३ अंशात जुळले. १४.० धरला.

हॉलचे कोपरे काटकोनात आहेत का, हेही तपासलं. हॉलचे कर्ण हिशोबाने २१.६३ मी. हवेत. मिळाले २१.६० आणि २१.६७. सात सें.मी. फरक म्हणजे कोपरा गुण्यात नाही, ०.२ अंशाने उघडा आहे. मर्यादेत आहे, पण म्हणून आतल्या आखणीचा आधार एकच भिंत ठेवायची, ज्या भिंतीबाहेर सावली मोजली तीच. दोन भिंतींचा आधार घेतला तर ही चूक आखणीत शिरते.

इथे एक आकडा लिहून ठेवण्याजोगा आहे. लंडनहून १ अंश चुकला तर रेषा काब्याच्या बाजूने ७६ किमी वरून जाते. काब्याची बाजू १२ मीटरच्या आसपास, तिथून ती अर्ध्या विकलेएवढी (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) दिसेल. कोणताही दोर, कोणतीही सावली, कोणतंही जाजम ‘ऐन’ गाठू शकत नाही. दिशेवर समाधान मानणाऱ्या फकीहांना (धर्मविधीच्या जाणकारांना) हे अंतर मोजून माहीत नसेल, पण काय मागणं शक्य आहे हे त्यांना नीट उमगलं होतं.

२ जून : सफा कागदावर

एका माणसाला रुंदी ६० सें.मी., सजद्यासह खोली १.२ मी.

पर्याय एक, आखूड भिंतीला समांतर. इमामासाठी एक पट्टा सोडून १४ सफा × २० = २८० जागा. दिशा १४ अंश चुकलेली.

पर्याय दोन, १४ अंश वळवून. तिरकी सफ १२ ÷ कॉस १४° = १२.३७ मी. लांब. पट्ट्याची टोकं तिरकी कापली जातात, त्यात ३० सें.मी. वाया, उरतात १२.०७ मी., म्हणजे वीस जागा जेमतेम बसतात. बाजूच्या भिंतीवर सफेचं अंतर १.२ ÷ कॉस १४° = १.२३७ मी. पूर्ण सफा १२, म्हणजे २४० जागा. पुढे आणि मागे एकेक त्रिकोण उरतो, प्रत्येकी सुमारे १८ चौ.मी. मागच्यात १२ आणि ३ च्या दोन तुटक सफा. एकूण २५५.

पुढच्या त्रिकोणात पहिल्या सफेच्या मध्यापासून किब्ल्याच्या दिशेने भिंतीपर्यंत १.५४ मी. मिळतात. इमामाला १.२ मी. लागतात. बसतं. मिंबर (प्रवचनाचा चौथरा) त्याच त्रिकोणाच्या खोल बाजूला.

२५ जागांचा तोटा. पर्याय एकच्या बाजूने मुद्दा आला की १४ अंश सवलतीत बसतात, मग जागा कशाला घालवायची. १३ मेची नोंद दाखवली. पर्याय दोन ठरला.

९ जून : आखणी

निवडलेल्या भिंतीच्या आतल्या बाजूला समांतर १० मीटरचं सूत. त्याच्या शेवटाला काटकोनात १० × टॅन १४° = २.४९३ मी. मोजून खूण. सुताच्या सुरुवातीपासून या खुणेपर्यंतची रेषा म्हणजे किब्ला-रेषा. १० मीटरवर १ सें.मी. चुकला तर ०.०६ अंश. कोनमापकाने हे होत नाही. छोट्या कोनमापकावर अर्धा अंश नुसत्या पेन्सिलच्या जाडीत जातो.

काटकोन ३-४-५ ने नाही, ६-८-१० मीटरने काढला. जितका मोठा त्रिकोण तितकी चूक कमी. गुण्या इतक्या लांबीला पुरत नाही.

मग किब्ला-रेषेला काटकोनात पहिली सफ आणि तिला समांतर बाकीच्या. प्रत्येक सफ पहिलीपासून मोजली, आधीच्या सफेपासून नाही. नाहीतर दर सफेला २ मि.मी. चूक एकाच टोकाला साचत जाते आणि बाराव्या सफेला २२ मि.मी. होते.

रेषा टाचांसाठी आहे, बोटांसाठी नाही. सफ सरळ होते खांदे आणि टाचा जुळवून. पावलं लहानमोठी असतात, बोटं रेषेवर ठेवली की खांदे मागेपुढे होतात.

११ जून : वजूखाना (नमाजआधी हातपाय धुण्याची जागा) आणि शौचालय

आराखड्यात शौचालयाची दोन भांडी किब्ल्याच्या बरोबर रेषेत होती. शौचाला बसताना किब्ल्याकडे तोंड किंवा पाठ करू नये अशी हदीस आहे. अबू अय्यूब अन्सारी सांगतात की शाममध्ये (सीरियाच्या प्रदेशात) त्यांना काब्याकडे तोंड असलेली शौचालयं आढळली, तेव्हा ते वळून बसत. चार भिंतींच्या आत चालतं, असंही काही फकीहांचं मत आहे. पण जोडणी अजून झालेली नसताना भांडी ९० अंश वळवायला खर्च नाही. वळवली.

दिशेचा संबंध नमाजपुरता नाही, हे आराखडा करणाऱ्याने आधीच विचारावं. अजान किब्ल्याकडे तोंड करून देतात. मयत कबरीत उजव्या कुशीवर, चेहरा किब्ल्याकडे ठेवतात. जबह (कत्तल) करताना जनावर किब्ल्याकडे वळवणं पसंत केलं जातं. दफनभूमी असेल तर कबरींच्या ओळी किब्ला-रेषेला काटकोनात येतात, हा हिशोब कुंपण घालण्याआधीच व्हायला हवा.

१४ जून : अडचणीचे प्रश्न, एकाच ठिकाणी

नमाज सुरू असताना दिशा चुकल्याचं कळलं तर? तिथेच वळायचं, नमाज तोडायची नाही. दाखला मदिनेजवळच्या कुबाचा : तिथे फज्रची (पहाटेची) नमाज सुरू असताना किब्ला बदलल्याची बातमी आली आणि लोक नमाजमध्येच फिरले. मदिनेच्या परिसरातून जेरुसलेम ३३३°, मक्का १७६°. म्हणजे जवळजवळ १५७ अंशांचं वळण, सफेचं तोंड पूर्ण मागे. मदिनेत मस्जिद-ए-किब्लतैन, दोन किब्ल्यांची मशीद, त्या बदलाची आठवण म्हणून ओळखली जाते.

नमाज झाल्यावर कळलं तर? प्रामाणिक शोध घेऊन पढली असेल तर हनफी मताने झाली, शाफई मताने चूक निश्चित कळल्यास पुन्हा पढावी. शोधच घेतला नसेल आणि दिशा चुकली तर पुन्हा.

आजारी, ज्याला वळवायला कोणी नाही. जिवाची भीती असलेला. वाहनावर नफ्ल (ऐच्छिक नमाज) पढणारा प्रवासी : यांना दिशेची अट शिथिल आहे. अंतराळासाठीही उत्तर आहे. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुसाफर शुकूर अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा मलेशियातल्या धर्मपंडितांनी क्रम लावून दिला : शक्य असेल तर काबा, नाहीतर काब्याची वर कल्पलेली जागा, नाहीतर पृथ्वी, नाहीतर जिकडे जमेल तिकडे. ‘जमेल तेवढं’ हे तत्त्व कुबापासून कक्षेपर्यंत एकच आहे.

२० जून : जाजम

सफांची नक्षी विणलेले १.२ मी. रुंदीचे गुंडाळे. फरशीवर दर तिसऱ्या सफेची रेषा रंगाने पक्की केली आणि जाजम तिला जुळवत गेलं. नुसतं भिंतीपासून पसरत गेलं तर जोडांची फट एका टोकाला उघडत जाते. ताणताना जाजम तिरकं खेचलं जातं. एका बाजूला ताण दिला की नक्षी वाकते आणि फरशीवरची बरोबर रेषा झाकली जाऊन वरची चुकीची उरते. दोन गुंडाळे उचलून पुन्हा बसवले.

कडेचे तिरके तुकडे आधी कापू नयेत. सगळं बसल्यावर, भिंतीवर दाबून, शेवटी कापावं.

१६ जुलै : फेरतपासणी

जागतिक वेळ ०९:२७. या वेळी अंगणात नाही, हॉलमध्ये. बाजूच्या दारातून ऊन आत येतं, दाराच्या चौकटीला तोच दोर टांगला. सावली जाजमावर सफेच्या रेषेला आडवी पडली. दीड मीटर लांबीवर काटकोनापासून १.५ सें.मी. ढळ, म्हणजे ०.६°.

जाजमाच्या विणीत एवढं इकडेतिकडे असतंच. १ अंशाच्या आत आहे. पहिल्या सफेच्या दोन्ही टोकांना फरशीत पितळी खिळे ठोकले, जाजम बदलताना पुन्हा सूर्याची वाट पाहावी लागू नये म्हणून. खिळ्यांची भिंतीपासूनची अंतरं आराखड्यावर लिहिली.